जॉन्सन, बेन

(१३ जून १९१८–८ एप्रिल १९९६). अमेरिकन चित्रपट-अभिनेता, साहसदृश्यांतील घोडेस्वार आणि ‘रोडिओ’ ह्या क्रीडाप्रकारातील विश्वविजेता. संपूर्ण नाव फ्रान्सिस बेंजामिन जॉन्सन, ज्युनिअर. अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील जीवनावर आधारलेल्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांत दुय्यम परंतु ठसठशीत व्यक्तिरेखा उभ्या करणारे जे चरित्र-अभिनेते होऊन गेले, त्यांत जॉन्सनचे स्थान वेगळे आहे. हे वेगळेपण त्याच्या भूमिकांच्या संख्येत किंवा त्याला मिळालेल्या ‘ऑस्कर’ पारितोषिकात नाही. पडद्यावर तो जी कामे करताना दिसतो, म्हणजे घोड्यावर मांड ठोकणे, दोराचा फास टाकणे, उधळलेले जनावर आवरणे, ती कामे हाच त्याचा मूळ व्यवसाय होता. अभिनयाकडे तो उशिरा आणि जवळजवळ अपघातानेच वळला. त्यामुळे ‘हा नट अभिनय करीत नाही, पडद्यावर नुसता स्वतःसारखा वागतो’, असा शेरा त्याच्याविषयी वारंवार मारला गेला. जॉन्सनने स्वतःही तो खुशीने मान्य केला. गावातील प्रत्येक नट आपल्यापेक्षा सरस आहे, मात्र बेन जॉन्सनची भूमिका त्यांच्यापैकी कोणालाच करता येणार नाही, अशा आशयाचे उद्‍गार तो काढीत असे. ह्या विनोदात नम्रता किती आणि मार्मिक आत्मपरीक्षण किती, हे त्याचे चित्रपट पाहूनच ठरवावे लागते.

जॉन्सनचा जन्म ओक्लाहोमा राज्याच्या ओसेज परगण्यातील फोरेकर ह्या लहानशा गावी झाला. हा प्रदेश मूळचा ओसेज इंडियन जमातीच्या ताब्यातील. येथील भूमीत खनिज तेल सापडल्याने ही जमात काही काळ विलक्षण धनाढ्य झाली आणि त्या धनाच्या लोभापायी १९२० नंतरच्या दशकात तिच्यातील अनेकांचे खून पडले. जॉन्सनचे बालपण ह्याच परगण्यात, परंतु तेलविहिरींपेक्षा गुरांच्या सान्निध्यात गेले. त्याचे वडील चॅपमन-बार्नार्ड ह्या सु. एक लाख एकरांच्या पशुपालन-क्षेत्रावर मुकादम होते. रोडिओच्या मैदानात, विशेषतः बैलांना फासात पकडण्याच्या शर्यतीत, त्यांचा मोठा दबदबा होता. ‘बेन जॉन्सनचा मुलगा’ ही ओळख पुढे कीर्ती मिळाल्यावरही आपल्या प्रदेशात जॉन्सनला पुसून टाकता आली नाही. त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

१९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूझ हा उद्योगपती व चित्रपटनिर्माता ‘द आउटलॉ’ (प्रदर्शित १९४३) ह्या चित्रपटाची जुळवाजुळव करीत होता. त्यासाठी त्याने ओक्लाहोमातून घोडे विकत घेतले आणि ते चित्रीकरणाच्या जागी पोहोचविण्याचे काम तरुण जॉन्सनकडे आले. ‘मी हॉलिवुडला आलो तो घोड्यांच्या वाघिणीतून’, असे तो पुढे गमतीने सांगे. गुरांमागे राबताना त्याला दिवसाकाठी एक डॉलर मिळे. त्याच्याच सांगण्यानुसार हॉलिवुडचा पहिला धनादेश ३०० डॉलरांचा होता. घरी परतण्याचा विचार त्याने सोडून दिला, ह्याचे अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. चित्रपटनिर्मात्यांना घोडे भाड्याने पुरविणारी हॉलिवुडमधील एक मोठी पागा ‘फॅट’ जोन्स ह्याच्या मालकीची होती. १९४१ मध्ये जॉन्सनने ह्या पागेच्या मालकाच्या मुलीशी विवाह केला. तो तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, टिकला.

त्यानंतरची सात-आठ वर्षे त्याने पडद्यावर निनावीपणे काढली. घोडा लगाम न जुमानता धावत सुटतो, घोडेस्वार खिंडीवरून झेप घेतो किंवा गोळी लागून भरधाव घोड्यावरून खाली कोसळतो, असे प्रसंग वेस्टर्नपटांत पदोपदी येतात. नामांकित नटाला इजा होऊ नये म्हणून अशा प्रसंगी त्याच्या अंगलटीचा, त्याचाच पोशाख चढविलेला दुसरा माणूस उभा केला जातो आणि कॅमेरा त्याचा चेहरा टाळून केवळ पाठ किंवा दूरची आकृती टिपतो. जॉन्सन हा असा ‘दुसरा माणूस’ होता. ‘टॉल इन द सॅडल’ (१९४४) मध्ये त्याने जॉन वेनसाठी ही कामगिरी केली. हा व्यवसाय माणसाला जितका धोक्याचा, तितकाच जनावरालाही होता. घोड्याच्या पायांना तार बांधून त्याला धावता धावता पाडण्याची एक निर्घृण रीत तीसनंतरच्या दशकात सर्रास प्रचारात होती; तिच्याविरुद्ध ओरड झाल्यावर १९४० पासून चित्रीकरणातील जनावरांवर प्राणिसंरक्षक संस्थेची देखरेख सुरू झाली. ह्या बदलामुळे इशाऱ्यासरशी पडणारे घोडे शिकवून तयार करणे भाग पडले आणि घोड्याची जात व स्वभाव ओळखणाऱ्या माणसांचे मोल वाढले. अर्थात श्रेयनामावलीत त्यांची नावे येत नसत. चेहरा दिसू न देता केवळ शरीराच्या हालचालींनी एखादे पात्र जिवंत करावयाचे, हे शिक्षण जॉन्सनला येथे मिळाले. त्याच्या पुढील अभिनयाचे मूळ ह्या उमेदवारीत शोधले पाहिजे. नाट्यशाळेतून आलेल्या नटांच्या मोजपट्टीने त्याला मोजणारे समीक्षक नेमके इथेच चुकतात.

दिग्दर्शक जॉन फोर्ड ह्याच्या ‘फोर्ट अपाची’ (१९४८) ह्या चित्रपटात जॉन्सन हा हेन्री फोंडाच्या जागी घोडेस्वारी करीत होता. चित्रीकरण चालू असताना एका गाडीचे घोडे बिथरले आणि आतल्या तीन माणसांसह चौखूर उधळले. जॉन्सनने आपला घोडा त्यांच्यामागे घातला व गाडी रोखून त्या तिघांचे प्राण वाचविले. ह्याचे बक्षीस तुला मिळेल, असे फोर्डने त्याला सांगितले. जॉन्सनची अपेक्षा अशाच आणखी एखाद्या कामाची, फार तर दोन-चार वाक्यांच्या भूमिकेची होती. प्रत्यक्षात फोर्डने त्याच्यापुढे सात वर्षांचा अभिनेत्याचा करारनामा ठेवला. त्यातील पाचव्या ओळीत आठवड्याला ५,००० डॉलर हा आकडा दिसताच पुढचे काही न वाचता आपण सही ठोकली, अशी हकीकत जॉन्सन सांगत असे. ती थोडीफार रंगविलेली असेल. तथापि फोर्डसारख्या कठोर व लहरी दिग्दर्शकाला ह्या माणसात काय दिसले असावे, हे तिच्यावरून कळते. संकटात ज्याची हालचाल विचाराच्या आधी आणि तरीही अचूक होते, असा मनुष्य फोर्डच्या घोडदळपटांना हवाच होता.

‘थ्री गॉडफादर्स’ (१९४८) मधील छोट्या भूमिकेनंतर ‘शी वोअर अ यलो रिबन’ (१९४९) मध्ये जॉन्सनला सार्जंट टायरीची भूमिका मिळाली. टायरी हा यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला अधिकारी. पराभवानंतर विजेत्यांच्याच घोडदळात तो खालच्या हुद्यावर नोकरी पतकरतो. शत्रूच्या चालीबद्दल त्याचे मत विचारले जाते, तेव्हा ते आपले खाते नव्हे असे म्हणून तो आधी हात झटकतो आणि मग नेमके तेच सांगतो, जे वरिष्ठाला ऐकावयाचे असते. ही लकब पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी हशा मिळविते, कारण जॉन्सन ती विनोद म्हणून सादरच करीत नाही. चित्रपटातील सर्वांत स्मरणीय भाग मात्र निःशब्द आहे. पाठलाग करणाऱ्या इंडियन टोळीपुढे टायरी ‘स्टील’ ह्या घोड्यावरून मॉन्यूमेंट व्हॅलीच्या तांबड्या पठारावर भरधाव सुटतो आणि वाटेतली घळ घोड्यासह ओलांडून पलीकडे जातो. येथे कॅमेऱ्याला चेहरा चुकवावा लागत नाही. स्वार आणि नट एकच असल्याने दृश्य मध्ये कोठे तोडण्याचे कारण उरत नाही. विंटन होक ह्याच्या रंगीत छायाचित्रणाला ह्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. जॉन्सनच्या खांद्यांची ठेवण वेगाच्या परमावधीतही ढळत नाही. घाई घोड्याला असते, स्वाराला नसते. त्याच्या पुढील सर्व भूमिकांतील स्वस्थपणाचे हे पहिले दर्शन म्हणावे लागेल.

ह्याच वर्षी ‘मायटी जो यंग’ ह्या प्रचंड वानराच्या कथेवरील चित्रपटात त्याने नायकाचे काम केले. ते बेताचेच वठले. प्रेमालापात त्याचा आवाज एकसुरी होतो, हातांचे काय करावे हे त्याला उमगत नाही, आणि नायिकेपेक्षा घोड्याशी बोलताना तो अधिक मोकळा वाटतो. रूढ अर्थाने ‘नायक’ होण्याची त्याची शक्यता येथेच संपुष्टात आली, असे मानण्यास हरकत नाही.

ह्याला एकच अपवाद, आणि तो मोठा आहे : फोर्डचा ‘वॅगन मास्टर’ (१९५०). श्रेयनामावलीत जॉन्सनचे नाव येथे अग्रस्थानी आहे. मोठा तारा नाही, मोठा खर्च नाही, कृष्णधवल चित्रण आणि कथाही अगदी साधी. ह्यामुळे हा चित्रपट धंद्याच्या दृष्टीने विशेष चालला नाही, परंतु स्वतः फोर्डच्या तो अत्यंत आवडीचा होता. मॉर्मन पंथीयांचा एक तांडा वाळवंट ओलांडून नव्या वसाहतीकडे निघतो आणि ट्रॅव्हिस ब्लू (जॉन्सन) व सँडी (हॅरी केरी, ज्युनिअर) हे दोन तरुण घोडेविके त्यांचे वाटाडे होतात. आरंभी दोघेही कुंपणाच्या आडव्या ओंडक्यावर बसून मॉर्मनांशी बोलतात, तो प्रसंग जॉन्सनच्या अभिनयाचा नमुना म्हणून दाखविता येईल. विनवणी ऐकत असताना तो समोरच्या माणसाकडे क्वचितच पाहतो. नकार देताना आवाज चढवीत नाही. मनात हिशेब चालला आहे, हे त्याच्या नजरेच्या संथ वळणातून कळते. पुढे नव्हाहो स्वार त्याच्या मागे लागतात, तेव्हा प्रेक्षक नेहमीच्या लढाईची वाट पाहतो. प्रत्यक्षात ओळख पटून हास्यविनोद होतो आणि रात्री इंडियन व मॉर्मन एकाच अग्नीभोवती नाचतात. इंडियनांना केवळ लक्ष्य मानणाऱ्या वेस्टर्नपटांच्या गर्दीत हा प्रसंग उठून दिसतो.

ह्या चित्रपटाचा नायक माणसावर पिस्तूल उगारीत नाही. तांड्याला ओलीस धरणाऱ्या क्लेग टोळीवर अखेरीस त्याला गोळी झाडावी लागते, तेव्हाही आपण केवळ सापांवर शस्त्र चालवितो, असे काहीसे त्रोटक उत्तर देऊन तो पिस्तूल दूर भिरकावतो. ह्या कृतीत विजयाचा लवलेश नाही. नकोसे काम उरकल्याची किळस तेवढी आहे. एखाद्या कसलेल्या नायकाने ह्या क्षणी एखादा अर्थपूर्ण विराम घेतला असता. जॉन्सन तो घेत नाही आणि म्हणूनच प्रसंग खरा वाटतो.

‘रिओ ग्रांदे’ (१९५०) मध्ये जॉन्सन, केरी आणि क्लॉड जार्मन, ज्युनिअर ह्यांनी दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभ्याने केलेली ‘रोमन’ पद्धतीची घोडदौड प्रसिद्ध आहे. तीत दुसऱ्या कोणाची मदत घेतलेली नाही. परंतु ह्याच चित्रीकरणाच्या वेळी फोर्डशी त्याचे बिनसले. सहकलाकारांच्या आठवणींनुसार, रात्रीच्या जेवणाच्या वेळी जॉन्सन केरीशी दिवसभराच्या गोळीबाराविषयी काही थट्टेने बोलला. ते फोर्डच्या कानावर गेले व त्याने सर्वांदेखत जॉन्सनचा पाणउतारा केला. जॉन्सन उठला, फोर्डच्या कानाशी वाकून आपला स्पष्ट अभिप्राय त्याला ऐकविला आणि निघून गेला. चित्रपट पूर्ण झाला, वरकरणी सलोखाही झाला. तथापि पुढील सु. चौदा वर्षे, ‘शायेन ऑटम’ (१९६४) पर्यंत, फोर्डने त्याला बोलाविले नाही. फोर्डच्या कंपूतील बहुतेकांनी त्याचे फटकारे मुकाट्याने सोसले. जॉन्सनने सोसले नाहीत आणि ऐन उमेदीतील वर्षांत त्याची पुरेपूर किंमत मोजली. मिळेल ते काम पतकरणाऱ्या चरित्र-अभिनेत्याच्या व्यवसायात असा स्वाभिमान परवडणारा नसतो. मागे फिरावयास दुसरा धंदा हाती असल्यामुळेच जॉन्सनला तो परवडला, हेही नमूद केले पाहिजे.

हा दुसरा धंदा म्हणजे रोडिओ. १९५३ मध्ये चित्रपट बाजूस ठेवून तो वर्षभर रोडिओच्या दौऱ्यावर फिरला आणि ‘टीम रोपिंग’ ह्या प्रकारात विश्वविजेता ठरला. ह्या प्रकारात दोन स्वार असतात. सोडलेल्या गोऱ्ह्याच्या शिंगांवर पहिला स्वार फास टाकतो व त्याला डावीकडे वळवितो. त्याच क्षणी दुसऱ्याने मागच्या दोन्ही पायांत फास अडकवावयाचा असतो. दोर ताणले जाऊन दोन्ही घोडे समोरासमोर आले की घड्याळ थांबते. सर्व खेळ काही सेकंदांचा. त्यात जोडीदाराच्या हालचालीचा अचूक अंदाज हेच खरे कौशल्य. वर्षअखेर हिशेब केला, तेव्हा हाती तीन डॉलरही नव्हते, होती ती एक खिळखिळी मोटार आणि रागावलेली बायको, असे जॉन्सनने सांगून ठेवले आहे. तो चित्रपटांकडे परतला. रोडिओतील विश्वविजेतेपद आणि अभिनयाचे ऑस्कर हे दोन्ही मिळविणारा तो एकमेव मनुष्य होय.

जॉर्ज स्टीव्हन्सच्या ‘शेन’ (१९५३) मध्ये तो प्रथमच ठळकपणे खलपक्षात दिसला. ख्रिस कॅलोवे हा जमीनदार रायकरचा चाकर. मद्यगृहात तो शेनचा अपमान करतो, त्याच्या अंगावर दारू ओततो आणि पुढल्या भेटीत त्याच्याकडून बेदम मार खातो. सहा फुटांहून उंच जॉन्सन आणि चणीने लहान ॲलन लॅड ह्यांची ही झुंज चित्रपटाचा एक मध्यवर्ती प्रसंग आहे. पण जॉन्सनच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग पुढे येतो. सापळा रचला गेल्याची बातमी द्यावयास कॅलोवे रात्री आपल्या शत्रूकडे येतो. आपण रायकरला का सोडले, हे त्याला धड सांगता येत नाही. काहीतरी आपल्याला झाले, एवढेच तो पुटपुटतो. पटकथेने ह्या हृदयपालटाची तयारी फारशी केलेली नाही आणि दुसऱ्या नटाच्या हाती तो कृत्रिम वाटला असता. आपल्याच चांगुलपणाने संकोचलेला माणूस जॉन्सनने दोन-चार शब्दांत उभा केला आहे.

त्यानंतरच्या दशकात त्याने दूरचित्रवाणीवर व लहानसहान चित्रपटांत बरेच काम केले. त्यातील थोडेच लक्षात राहण्याजोगे आहे. मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेल्या ‘वन-आइड जॅक्स’ (१९६१) मधील बॉब ॲमरी हा दरोडेखोर मात्र उल्लेखनीय होय. जॉन्सनचा तोच सावकाश स्वर येथे तुच्छतेने भरलेला आहे. सार्जंट टायरीचा शांतपणा क्रौर्यालाही तितकाच शोभतो, हा शोध प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. हा धागा सॅम पेकिनपाने पकडला. ‘मेजर डंडी’ (१९६५) नंतर ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये त्याने जॉन्सनला टेक्टर गॉर्चची भूमिका दिली. टेक्टर व त्याचा भाऊ लाइल (वॉरन ओट्स) हे टोळीतील सर्वांत अडाणी, हावरट व दंगेखोर सभासद. फोर्डच्या चित्रपटांतील घोडदळाचा शिपाई वीस वर्षांनी, कथेतील काळ १९१३ वर आलेला असताना, अशा अवस्थेला पोहोचला आहे, असेच जणू पेकिनपाला सुचवावयाचे असावे. अखेरच्या प्रसंगी पाइक (विल्यम होल्डन) दोघा भावांना चला म्हणतो. होकार लाइल देतो. टेक्टर निमूटपणे बंदूक उचलतो. त्यानंतर चौघे जण मरणाकडे ज्या चालीने जातात, ती चाल चित्रपटाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. त्या रांगेत जॉन्सन हा सर्वांत कमी ‘चालून दाखविणारा’ आहे.

पीटर बोग्डानोविच ह्या तरुण दिग्दर्शकाने लॅरी मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवरून ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) हा चित्रपट करावयास घेतला, तेव्हा ‘सॅम द लायन’ ह्या व्यक्तिरेखेसाठी त्याला जॉन्सनच हवा होता. जॉन्सनने नकार दिला. संवाद फार आहेत आणि त्यांतील भाषा घाणेरडी आहे, अशी त्याची दुहेरी तक्रार होती. बोग्डानोविचने वृद्ध फोर्डला मध्ये घातले. जन्मभर जॉन वेनच्या मागेमागेच राहावयाचे आहे काय, असे फोर्डने जॉन्सनला खडसावले म्हणतात. ज्या दिग्दर्शकाने त्याला चौदा वर्षे दूर ठेवले, त्यानेच त्याला आयुष्यातील सर्वश्रेष्ठ भूमिकेकडे ढकलावे, हा योग विलक्षण खरा. आपल्या संवादांतील अपशब्द आपण काढून टाकू, ह्या अटीवर जॉन्सन राजी झाला. ‘द वाइल्ड बंच’ मधील रक्तपात ज्याला चालला, त्याला शिवीगाळ चालू नये, ह्यात विसंगती दिसते. तथापि जॉन्सन ज्या समाजातून आला, त्यात शब्दांची मर्यादा गोळीबाराच्या मर्यादेहून कडक होती आणि सॅमची व्यक्तिरेखाही त्याच समाजातली आहे. गाळलेल्या शब्दांमुळे तिचे काही बिघडले नाही. उलट, मोजके बोलणाऱ्या माणसाची अदब तिला लाभली.

हा वेस्टर्नपट नव्हे. टेक्सस राज्यातील ॲनारीन ह्या कल्पित, धुळीने माखलेल्या आणि हळूहळू ओस पडत चाललेल्या गावाची ही १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतील कहाणी आहे. गावातील बिल्यर्डगृह, उपाहारगृह आणि चित्रपटगृह ह्या तिन्हींचा मालक सॅम हाच गावातील तरुण मुलांचा एकमेव आधार आहे. मुक्या, मंदबुद्धी बिलीची मुलांनी केलेली क्रूर थट्टा त्याला कळते, तेव्हा तो आरडाओरडा करीत नाही. अशा वागण्याचा आपल्याला जन्मभर कंटाळा आला आहे, असे सांगून तो आपल्या तिन्ही ठिकाणांची दारे त्यांना बंद करतो. संपूर्ण चित्रपटातील नैतिक निवाड्याचा हा एकमेव क्षण आणि तो एका थकलेल्या माणसाच्या तोंडून येतो.

गावाबाहेरील तलावाकाठचा प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. मासे पकडण्याच्या निमित्ताने सॅम, सॉनी आणि बिली तेथे येतात. वीस वर्षांपूर्वी एका तरुण विवाहित स्त्रीबरोबर आपण येथे पोहावयास आलो होतो. तिने घोड्यांसह तलाव पार करण्याची पैज लावली, असे सॅम सांगू लागतो. कॅमेरा अगदी संथपणे त्याच्याजवळ सरकतो व मग तितक्याच संथपणे मागे जातो. दुसरे काहीही घडत नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अश्वारोहणावर ज्याची सारी कीर्ती उभी, तो नट ह्या चित्रपटात एकदाही घोड्यावर बसत नाही. घोडदौड येथे केवळ शब्दांत उरली आहे आणि ते शब्द संवादांची धास्ती घेणाऱ्या माणसाला उच्चारावयाचे आहेत. जॉन्सन ते स्वर न बदलता, आठवण जशी आपोआप पुढे सरकत जावी तसे उच्चारतो. मध्येच तो किंचित हसतो. आपण इतके बोललो ह्याचेच जणू त्याला नवल वाटते. पुढे कथेच्या मध्यावरच, मुले मेक्सिकोला गेलेली असताना, सॅम पडद्याबाहेर मरण पावतो आणि उरलेला चित्रपट त्याच्या अनुपस्थितीने भरून राहतो. अखेरीस चित्रपटगृहही बंद पडते. तेथील शेवटचा खेळ म्हणून हॉवर्ड हॉक्सचा ‘रेड रिव्हर’ (१९४८) हा वेस्टर्नपट दाखविला जातो.

ह्या भूमिकेत जॉन्सन पडद्यावर जेमतेम दहा मिनिटे आहे. तिच्यासाठी त्याला १९७१ चे सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर, तसेच ‘गोल्डन ग्लोब’ व ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. ऑस्कर स्वीकारताना, हे बक्षीस ह्याहून भल्या माणसाला मिळणे शक्य नव्हते, असे तो मिस्किलपणे म्हणाला आणि सभागृह हास्यात बुडाले.

जॉन्सन ‘नुसता स्वतःसारखा वागतो’, हा आक्षेप ह्या कामगिरीनंतरही पूर्णपणे मावळला नाही. त्यात तथ्याचा अंश आहे. त्याचा उच्चार ओक्लाहोमाचा, तो त्याने कधी बदलला नाही. वेषांतर, वय लपविणे, परकी ढब आत्मसात करणे ह्या गोष्टी त्याच्या कक्षेत नव्हत्या. ‘डिलिंजर’ (१९७३) मध्ये त्याने साकारलेला गुप्तचर-अधिकारी मेल्व्हिन पर्व्हिस हा प्रत्यक्षात त्या काळी तिशीचा होता, तर जॉन्सन पन्नाशी उलटलेला. भूमिका नटाकडे आणावी लागली, नट भूमिकेकडे गेला नाही. परंतु स्वतःसारखे वागणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. गुरे राखणारी शेकडो माणसे चित्रपटांच्या गर्दीत वावरून गेली. कॅमेरा जवळ येताच त्यांतील बहुतेक जण एक तर ताठरतात किंवा नट बनू पाहतात. जॉन्सन दोन्ही करीत नाही. समोरचा माणूस बोलत असताना तो खरोखरच ऐकतो. आपली पाळी केव्हा येईल ह्याकडे त्याचे लक्ष नसते. ‘टीम रोपिंग’ मधील दुसऱ्या स्वाराची ती सावधानता आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. शिवाय टायरी, कॅलोवे, ॲमरी, टेक्टर आणि सॅम ही माणसे एकाच आवाजात बोलत असली, तरी एकमेकांहून पुरती भिन्न आहेत. प्रत्येकाचा स्वस्थपणा वेगळ्या कारणाने आला आहे : कोणाचा शिस्तीतून, कोणाचा लाजेतून, कोणाचा निर्दयतेतून, कोणाचा मूढपणातून, तर कोणाचा शोकातून. हा भेद आपोआप होत नाही.

ऑस्करनंतर त्याचे मानधन वाढले, पण भूमिकांचा दर्जा त्या मानाने वाढला नाही. पेकिनपाच्या ‘ज्युनिअर बॉनर’ (१९७२) मध्ये रोडिओला बैल पुरविणारा व्यावसायिक आणि ‘द गेटअवे’ (१९७२) मध्ये संभावित चेहऱ्याचा भ्रष्ट पुढारी ह्या भूमिका त्याने चोख बजावल्या. स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘द शुगरलँड एक्सप्रेस’ (१९७४) मध्ये पळालेल्या एका अपक्व जोडप्याचा मोटारींच्या लांबलचक ताफ्यासह पाठलाग करणारा पोलीस-अधिकारी त्याने रंगविला. गोळी न चालविता हे प्रकरण मिटावे म्हणून धडपडणाऱ्या आणि शेवटी ते न साधलेल्या ह्या अधिकाऱ्यात सॅमचा अंश आहे. रिचर्ड ब्रुक्सच्या ‘बाइट द बुलेट’ (१९७५) मध्ये लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतीत उतरलेला, ज्याला धड नावही नाही असा वृद्ध काउबॉय त्याने साकारला. आयुष्यभर पडतील ती कामे करून कोणाच्याच आठवणीत न राहिलेला हा माणूस, एकदा जिंकलो तर लोक ओळखतील, ह्या आशेने धावतो आणि वाटेतच प्राण सोडतो. साहसदृश्यांत आयुष्य झिजविलेल्या निनावी स्वारांना वाहिलेली ती श्रद्धांजलीच वाटते. त्यानंतरच्या वीस वर्षांतील भयपट, युद्धपट व दूरचित्रवाणीपट ह्यांची यादी लांबलचक असली, तरी त्यात त्याच्या कीर्तीत भर घालणारे काही नाही. शेतीवाडी, घोडे आणि बालरुग्णालयांच्या मदतीसाठी भरविलेल्या रोडिओ-स्पर्धा ह्यांतच तो ह्या काळात अधिक रमला.

रोडिओच्या कीर्तिमंदिरात आणि ओक्लाहोमा सिटी येथील राष्ट्रीय काउबॉय-संग्रहालयाच्या वेस्टर्न कलावंतांच्या दालनात १९८२ मध्ये त्याच्या नावाचा समावेश करण्यात आला. ‘दि ईव्हनिंग स्टार’ (१९९६) हा त्याचा शेवटचा चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. ॲरिझोना राज्यातील मेसा येथे आपल्या वृद्ध आईला भेटावयास गेला असता हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. ओसेज परगण्यातील पॉहस्का येथे त्याचे दफन करण्यात आले.